विश्लेषण : बर्फाळ घाटात मीठ टाकल्याने रस्ता मोकळा होतो, मग अमेरिकेलाच ते आता कमी का करायचे आहे?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने बर्फात अडकली. चाके जागच्या जागी फिरत होती, ब्रेक दाबला तरी गाड्या उताराकडे घसरत होत्या. जवळपास प्रत्येक हिवाळ्यात अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात आणि त्यात महाराष्ट्राच्या क्रमांकाची एखादी तरी गाडी दिसते. अमेरिका, युरोपात बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात, मग आपल्याकडे का टाकत नाहीत, हा प्रश्नही दर वेळी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र जिथे गेली ८० हून अधिक वर्षे हे मीठ टाकले जात आहे, तिथे आता ते कमी कसे करायचे याचे कायदे होत आहेत. हिमालयातले रस्ते बारमाही करण्याची धडपड सुरू असताना त्या अनुभवाकडे पाहायला हवे.

मीठ बर्फाचे नेमके काय करते?

मे महिन्यात घरी पॉट आइस्क्रीम करणाऱ्यांना याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. लाकडी बादलीत बर्फाचे तुकडे आणि खडेमीठ घालायचे, मध्ये दुधाचे भांडे ठेवायचे आणि दांडा फिरवत राहायचे. मिठामुळे बर्फ भराभर वितळतो आणि वितळताना लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. त्यामुळे बादलीतले पाणी शून्याच्या बरेच खाली जाते, तरी ते पाणीच राहते. शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. त्यात मीठ विरघळले की पाण्याचे रेणू एकमेकांना धरून स्फटिक बनवू शकत नाहीत आणि गोठणबिंदू खाली सरकतो. २३.३ टक्के मीठ असलेले द्रावण तर उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही.

रस्त्यावर हेच घडते, पण तिथे दुधाचे भांडे नसते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता डांबरातून, हवेतून, उन्हातून आणि टायरच्या घर्षणातून यावी लागते. ती पुरेशी नसेल तर मिठाचे खडे बर्फावर नुसते पडून राहतात. म्हणूनच पुस्तकातला उणे २१चा आकडा रस्त्यावर कामाचा नाही. साधे मीठ व्यवहारात उणे ९ अंशांच्या आसपासच हात टेकते.

त्याआधीही त्याची ताकद झपाट्याने घटत जाते. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकते. उणे ७ अंशांना तेच एक किलो जेमतेम साडेआठ किलो बर्फाला पुरते आणि उणे १८ला पावणेचार किलोच्या आसपास. शिवाय तोवर त्याला इतका वेळ लागतो की रस्ता मोकळा होण्याची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. थोडक्यात, जिथे थंडी सर्वाधिक तिथे मीठ सर्वात दुबळे.

याच कारणाने जाणकार अभियंते मिठाकडून सगळा बर्फ वितळवण्याची अपेक्षाच ठेवत नाहीत. बर्फ आणि डांबर यांच्यात खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार व्हावा, बर्फाची पकड सुटावी आणि मग फाळ लावलेल्या ट्रकने तो खरवडून बाजूला सारावा, हे खरे तंत्र. मुख्य काम फाळ करतो, मीठ त्याला वाट करून देते.

घाटातच ही अडचण जास्त का?

सपाट शहरातल्या निसरड्या रस्त्यावर गाडी घसरली तर बहुतेकदा पत्रा चेपतो. घाटात दरी असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यानंतर थांबायला साधारण नऊ-दहा मीटर लागतात. ओलसर बर्फावर घर्षण सातपटीने कमी होते आणि सपाट रस्त्यावर तेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. रस्ता सहा टक्के उताराचा असेल तर दीडशे मीटर. उतार दहा टक्क्यांचा असेल तर गणित असे सांगते की गाडी ब्रेकने थांबणारच नाही, घसरतच राहील. घाटातली वळणे दीडशे मीटरवर नसतात, त्याआधीच येतात.

दुसरी अडचण उंचीची. साधारण प्रत्येक हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तर अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड ३,०६० मीटरवर आहे. मनालीत उणे १ असेल तर बोगद्याच्या तोंडाशी साधारण उणे साडेसात. वरच्या आकड्यांशी हे ताडून पाहिले तर मिठाचे एक पोते मनालीत जेवढा बर्फ वितळवेल, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही बोगद्यापाशी वितळवणार नाही. एकाच ट्रकमधून, एकाच मापाने, पायथ्यापासून खिंडीपर्यंत मीठ टाकत जाणे म्हणजे खाली नको इतके आणि वर निरुपयोगी इतके टाकणे.

त्यात सावली येते. डोंगराच्या उत्तरेकडच्या कुशीतली वळणे हिवाळ्यात दिवसच्या दिवस ऊन पाहत नाहीत. पूल खालूनही गार वारा खातात, म्हणून ते आधी गोठतात. दुपारी रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यातून वितळलेले पाणी रस्त्यावरून आडवे वाहते आणि संध्याकाळी तिथेच गोठते. हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचे काळे डांबर दिसते आणि चालकाला रस्ता नुसता ओला वाटतो. त्याला ‘काळा बर्फ’ म्हणतात तो यामुळेच. मिठाचे द्रावण अशा वाहत्या पाण्याने पातळ झाले की त्याचा गोठणबिंदू पुन्हा शून्याकडे सरकतो. दुपारी मोकळा केलेला रस्ता रात्री आरशासारखा होतो. पहाटेच्या बसगाड्यांचे अनेक अपघात या वेळेत होतात, हे डोंगराळ भागातल्या कोणत्याही चालकाला सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल अशी. कडाक्याच्या थंडीत भुरभुरीत कोरडा बर्फ वाऱ्याबरोबर रस्त्यावरून उडून जातो. अशा वेळी मीठ टाकले तर रस्ता ओलसर होतो आणि उडून जाणारा बर्फ त्याला चिकटून बसतो. तेव्हा काहीच न टाकणे, हाच उपाय.

मिठाऐवजी दुसरी रसायने नाहीत का?

आहेत. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना स्वतः उष्णता सोडते आणि उणे २५ अंशांच्या खालीही काम करते. मॅग्नेशियम क्लोराइड साधारण उणे १५पर्यंत चालते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जाणाऱ्या महामार्गावर ते द्रवरूपात फवारले जाते. ही दोन्ही रसायने हवेतला ओलावा ओढतात. त्यामुळे ती रस्त्यावर टिकतात, पण प्रमाण चुकले तर रस्ता त्यांच्यामुळेच बुळबुळीत होतो. मॅग्नेशियम तर सिमेंटच्या घटकांशी अभिक्रिया करून काँक्रीट कमकुवत करते. किंमत साध्या मिठापेक्षा जास्त आणि शेवटी दोन्हींतून पाण्यात जायचे ते क्लोराइडच.

क्लोराइड नकोच असेल तर अॅसिटेट गटातली रसायने आहेत. विमानतळांवर ती वापरतात, कारण विमानाच्या धातूला क्लोराइड चालत नाही. पण ती कित्येक पटींनी महाग आहेत आणि पाण्यात कुजताना तिथला ऑक्सिजन खातात. युरिया हा आपल्याकडे सहज सुचणारा पर्याय, कारण तो स्वस्त आणि कुठेही मिळणारा. पण तो मिठाइतक्याच थंडीत थकतो आणि त्यातून तयार होणारा अमोनिया माशांना विषारी ठरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये विमानतळांसाठी केलेल्या नियमांत युरियाचा वापर जवळपास मोडीत काढला.

बीटाचा रस किंवा बीटाच्या साखरेची मळी मिठात मिसळण्याची कल्पना बातम्यांत नेहमी गाजते. विस्कॉन्सिनमध्ये चीज तयार करताना उरणारे खारे पाणीही रस्त्यावर टाकून पाहिले गेले. मळीमुळे मीठ रस्त्याला चिकटून राहते आणि थोडे कमी पुरते, हे खरे. पण ती मिठाची जागा घेत नाही. मळी नदीत गेली की माशांचे काय होते, हे साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

अॅडिरॉन्डॅकच्या विहिरींत काय सापडले?

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला सुमारे ६० लाख एकरांवर पसरलेला अॅडिरॉन्डॅक हा डोंगराळ, सरोवरांनी भरलेला प्रदेश आहे. १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक भरवणारे लेक प्लॅसिड हे गाव तिथलेच. मिठाच्या हिशेबाची दुसरी बाजू इथे जितकी स्पष्ट दिसली तितकी क्वचितच कुठे दिसली असेल.

अमेरिकेत रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. १९४१-४२च्या हिवाळ्यात साऱ्या देशाच्या महामार्गांवर मिळून ५ हजार टन मीठ पडले. आज हा आकडा वर्षाला सुमारे २ कोटी टनांवर आहे. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, कामावर वेळेत पोहोचण्याची अपेक्षा वाढली आणि हिवाळ्यातही काळे, कोरडे डांबर दिसले पाहिजे हे सरकारी धोरण झाले. त्याआधी लोक साखळ्या लावून, हळू, बर्फावरूनच गाडी चालवत. अॅडिरॉन्डॅकमध्ये मिठाचे प्रमाण १९८०च्या ऑलिम्पिकच्या सुमारास वाढले. पाहुण्यांसाठी रस्ते मोकळे हवे होते. पाहुणे गेले, सवय राहिली.

या धोरणाने जीव वाचले, हेही तितकेच खरे आहे. १९९२ मध्ये मार्क्वेट विद्यापीठाच्या अभ्यासात दुपदरी रस्त्यांवर मीठ टाकल्यानंतरच्या काही तासांत जखमी होण्याचे अपघात ८८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अभ्यास मीठ उत्पादकांच्या संघटनेसाठी झाला होता, हे ध्यानात ठेवूनही तो आकडा झटकून टाकता येत नाही. मिठाविरुद्ध बोलणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे. वाचलेला जीव त्याच रात्री दिसतो. विहिरीचे पाणी खारे व्हायला वीस वर्षे लागतात.

मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर रस्त्याच्या कडेला जाते आणि तिथून खाली झिरपते. त्यातला सोडियम काही प्रमाणात मातीला धरून राहतो आणि बदल्यात मातीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम बाहेर ढकलतो. क्लोराइड मात्र कशालाच धरत नाही. ते कुजत नाही, उडून जात नाही, साध्या गाळणीत अडकत नाही. ते पाण्याबरोबर खाली जात राहते. तिथल्या खडकांत क्लोराइड जवळपास नव्हतेच, त्यामुळे पाण्यात सापडलेले मीठ कुठून आले याचा शोध अवघड गेला नाही.

पॉल स्मिथ्स कॉलेजच्या पाणलोट संस्थेने या भागातल्या सुमारे ५०० खासगी विहिरींचे पाणी तपासले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये पुढे आले. राज्य महामार्गाच्या उताराखाली असलेल्या विहिरींपैकी ६४ टक्के विहिरींत सोडियमचे प्रमाण लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर होते. मीठ कमी खाण्याचा वैद्यकीय सल्ला असलेल्यांसाठी अमेरिकेत हीच मर्यादा सुचवली जाते. रस्त्याचे पाणी जिथे पोहोचत नव्हते, त्या विहिरींत हा प्रकार दिसला नाही. घरोघरी नळ गंजत होते, पाणी तापवण्याची यंत्रे वेळेआधी निकामी होत होती आणि लोक पिण्याचे पाणी विकत आणत होते. रक्तदाबाच्या रुग्णाने जेवणातले मीठ सोडायचे आणि ते पाण्यातून पोटात जायचे, अशी ही अवस्था.

लेक प्लॅसिड गावातल्या मिरर लेकची गोष्ट आणखी वेगळी. थंड प्रदेशातले खोल तलाव वसंतात आणि शरदात वरपासून तळापर्यंत घुसळले जातात. त्यामुळे वरचा ऑक्सिजन तळाशी पोहोचतो. मिरर लेकमध्ये रस्त्यावरचे खारे, जड पाणी तळाशी जाऊन बसले आणि वसंतातले हे घुसळणे नीट होईना. तळाशी राहणाऱ्या थंड पाण्यातल्या ट्राउट माशांचा श्वास त्यावर अवलंबून असतो. तलाव वरून पाहिला तर तसाच निळा, स्वच्छ.

या सगळ्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे रँडी प्रेस्टन हे विल्मिंग्टन या छोट्या गावाचे लोकनियुक्त प्रमुख होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्याच नावाने न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२० मध्ये मीठ कमी करण्याचा कायदा केला. त्यानुसार नेमलेल्या कृती गटाचा अहवाल २०२३ मध्ये आला. मीठ पूर्ण बंद करा, असे कायदा म्हणत नाही. किती कमी मिठात रस्ता सुरक्षित राहतो, हे मोजून पाहा, एवढेच तो सांगतो.

एक चमचा म्हणजे किती?

प्रमाणाचा अंदाज घरच्या घरी येतो. जलचरांना दीर्घकाळ सोसेल अशी क्लोराइडची मर्यादा अमेरिकेत लिटरला २३० मिलिग्रॅम मानली जाते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यासाठी ती २५० आहे. सहा ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण एक चमचा, सुमारे १६ लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेते. एका चमच्याला एक हंडा. एका ट्रकमध्ये असे किती चमचे मावतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मग वाळू बरी नव्हे का?

हिमाचल, काश्मीरमध्ये निसरड्या चढावांवर वाळू किंवा माती टाकण्याची पद्धत आहे. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त टायरला धरायला खरखरीत काही तरी देते. ती उणे ३० अंशांतही तितकेच काम करते, हा तिचा मोठा गुण. वरून चार गाड्या वेगाने गेल्या की ती कडेला उडून जाते किंवा नव्या बर्फाखाली गाडली जाते, हा दोष. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा टाकावी लागते.

आणि तीही कुठे तरी जातेच. कोलोरॅडोत व्हेल खिंडीच्या महामार्गावर वर्षानुवर्षे टाकलेली वाळू शेजारच्या ब्लॅक गोर या ओढ्यात उतरली आणि मासे ज्या गोट्यांच्या फटींत अंडी घालतात त्या बुजून गेल्या. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहो या सरोवरात १९६८ मध्ये पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी ३१ मीटर खोलीपर्यंत दिसत असे. अलीकडे ती सुमारे २० मीटरवरच दिसेनाशी होते. याला कारण झालेल्या बारीक कणांत टायरखाली भरडल्या गेलेल्या वाळूचाही वाटा आहे. कोरड्या दिवसांत हीच भुकटी धूळ होऊन छातीत जाते. म्हणून बारीक मातीपेक्षा धुतलेली, टणक खडी वापरणे आणि हिवाळा संपताच ती झाडून उचलणे, हे तिकडे आता कामाचाच भाग मानले जाते. आपल्याकडे पहिला भाग जमतो, दुसरा बहुतेकदा पावसावर सोडला जातो.

लोखंड, काँक्रीट आणि जनावरे

खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे काय होते, हे कोकणातल्या कोणत्याही घराच्या खिडकीचे गज सांगतील. मीठ टाकलेला रस्ता म्हणजे शेकडो किलोमीटर आत आणून ठेवलेला समुद्रकिनाराच. क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून तडे देते. कॅनडात माँट्रियलजवळच्या लाव्हाल इथे २००६ मध्ये एक उड्डाणपूल कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले. चौकशीत सळयांची चुकीची मांडणी आणि निकृष्ट काँक्रीट यांच्या जोडीला गोठण्या-वितळण्याचा व मिठाचा परिणामही नोंदवला गेला.

जनावरांना मीठ आवडते, ही आणखी एक डोकेदुखी. कॅनडातल्या जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात मूस हे महाकाय सांबर रस्त्यावर येऊन थांबलेल्या गाड्यांवरचे मीठ चाटतात. त्यांना गाडी चाटू देऊ नका, असे फलक तिथे लावावे लागले. ऐकायला गंमत वाटते. पण जनावराला रस्त्याची सवय लागली की पुढचा अपघात ठरलेला.

मीठ कमी कसे करतात?

सर्वात मोठा फरक वेळेने पडतो. बर्फ पडून घट्ट बसल्यावर तो फोडायला जितके मीठ लागते, त्याच्या कितीतरी कमी मीठ तो बसूच नये म्हणून पुरते. यासाठी बर्फवृष्टीच्या काही तास आधी २३ टक्क्यांचे मिठाचे पाणी, म्हणजे जुन्या मराठीतली मिठवणी, रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांत फवारतात. ती सुकते आणि मिठाचा पातळ थर मागे राहतो. अर्थात, आधी पाऊस येणार असेल तर तो थर धुऊन जातो. म्हणजे हवामानाचा अंदाज नेमका हवा.

दुसरे म्हणजे कोरडे मीठ ओले करून टाकणे. चालत्या ट्रकमधून पडणाऱ्या कोरड्या खड्यांपैकी जवळपास ३० टक्के उसळून रस्त्याबाहेर जातात. ओले केले की बहुतेक जागेवर राहतात. निव्वळ या साध्या गोष्टीने पाव हिस्सा मीठ वाचू शकते. तिसरे, हवेचे नव्हे तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान मोजणे. दोन्हींत काही अंशांचा फरक असू शकतो आणि तेवढ्यावर मिठाचे गणित पालटते. ट्रकवर तापमापक आणि मीठ सोडण्याचे प्रमाण बदलणारी यंत्रणा असेल तर सावलीच्या वळणावर वेगळे माप, उन्हातल्या सरळ पट्ट्यावर वेगळे, असे करता येते. याच्या जोडीला मिठाचे ढीग उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवणे, ही तर प्राथमिक गोष्ट.

याशिवाय भार चालकावर टाकण्याचाही मार्ग आहे. इटली, ऑस्ट्रियात हिवाळ्यात विशिष्ट काळात हिवाळी टायर सक्तीचे असतात. जपानमध्ये मात्र एका उपायाने दुसरी अडचण आणली. होक्काइडोत खिळ्यांचे टायर डांबर उगाळून इतकी धूळ करत की १९९०च्या कायद्याने त्यांच्यावर बंदी आली. हवा सुधारली, पण खिळ्यांनी खरवडला जाणारा बर्फ आता गुळगुळीत टायरखाली घासून चकचकीत होऊ लागला आणि रसायनांचा वापर वाढला.

हिमालयात हा प्रश्न आत्ताच का?

कारण आतापर्यंत हिवाळ्यात बंद राहणारे रस्ते चालू राहू लागले आहेत. रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. ११ हजार ५०० फुटांवरची झोजिला पूर्वी पाच-सहा महिने बंद असे. सीमा रस्ते संघटनेने २०२५ मध्ये ती ३२ दिवसांतच खुली केली. सोनमर्ग बोगद्याचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले, झोजिला बोगद्याचे काम सुरू आहे आणि शिंकुन ला बोगद्याचा पहिला सुरुंग जुलै २०२४ मध्ये लागला. लष्कराच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे. लाहौल किंवा लडाखमधल्या आजारी माणसासाठी बारमाही रस्ता ही चैन नाही.

पण बोगदा आतून कोरडा असतो. बर्फ असतो तो दोन्ही तोंडांपर्यंत जाणाऱ्या उघड्या रस्त्यांवर, तोही तीन हजार मीटरच्या वर, डोंगराच्या सावलीत. कोरड्या बोगद्यातून वेगात बाहेर पडणाऱ्या गाडीसमोर अचानक निसरडा उतार येतो. तिथे काय टाकायचे, हा निर्णय आता दर हिवाळ्यात घ्यावा लागणार आहे.

मिठाचा मोह होणे स्वाभाविक आहे. भारत जगातला तिसरा मोठा मीठ उत्पादक आहे आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातमध्ये पिकते. ते स्वस्त आहे. पण द्रास, लेहच्या उणे २० अंशांच्या रात्री ते काम करणार नाही. मनालीच्या आसपास, शून्याच्या जवळ, ते काम करेल आणि नेमक्या तिथेच रस्त्याच्या खाली गावे आहेत.

नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे ५० लाख झऱ्यांपैकी जवळपास ३० लाख भारतीय हिमालयात आहेत आणि त्यातले निम्मे आटत चालले आहेत. डोंगरातल्या गावाचे पिण्याचे पाणी या झऱ्यांतून येते, शेतीचे पाणी कुहल म्हणवणाऱ्या पाटांतून. घाटरस्ता वर आणि झरा खाली, ही रचना अॅडिरॉन्डॅकच्या उताराखालच्या विहिरींसारखीच आहे. फरक इतकाच की तिथे विहीर खारी झाली तर दुकानात बाटली मिळते. लेहमध्ये तर वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. तिथल्या मातीत गेलेले मीठ धुऊन जायला पाणीच नाही, ते शेताच्या कडेला साठत राहील.

झऱ्यांच्या पाण्यातले क्लोराइड आज मोजून ठेवले तर वीस वर्षांनी तुलना करता येईल. काही हजार रुपयांच्या उपकरणाने पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्याचा ढोबळ अंदाज गावातल्या शाळेचे विद्यार्थीही घेऊ शकतात. अॅडिरॉन्डॅकमध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा अनेक विहिरी आधीच खाऱ्या झाल्या होत्या.

तोवर मनालीचे पोलीस बर्फ पडला की एक जुनाच उपाय वापरतात. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या पुढे सोडायच्या, बाकीच्यांना मागे थांबवायचे आणि बर्फ वाढला तर सर्वांनाच परत पाठवायचे. याने ना पाणी खारे होते, ना पूल गंजतो. सुट्टीचे चार दिवस काढून, हॉटेलचे पैसे आधीच भरून आलेल्या पर्यटकांशी त्या नाक्यावर सर्वात जास्त वाद होतो, तो याच उपायावरून.